कवळ्यांचा सर्व्हर आणि निवांतराव

"फुकट मिळतंय ते विकत घ्यायचं म्हणजे लोक मला वेड्यात काढतील, भावोजी," मालक म्हणाले.

भावोजी गप्प बसले. कवळ्यांच्या त्या कारखान्यात सर्व्हर सांभाळणं हे त्यांचं मुख्य काम होतं आणि गप्प बसणं हे जोडकाम. मालकांच्या धाकट्या बहिणीचे ते यजमान, म्हणून मालकांचे भावोजी. मालक भावोजी म्हणतात म्हणून टेलिफोनवरच्या बाई, प्लास्टर ओतणारे, दातांना रंग चढवणारे, झाडून सगळे त्यांना भावोजीच म्हणत. यात मान होता, पण हे नातं फार गैरसोयीचं होतं. नोकराला पगारवाढ मागता येते, राजीनाम्याची धमकी देता येते. भावोजींना यातलं काहीच करता येत नसे. कारण रविवारी जेवायला पुन्हा त्याच टेबलावर बसायचं असे.

कारखान्याचं सगळं त्या सर्व्हरवर चालायचं. गावोगावचे दंतवैद्य पेशंटच्या जबड्याचं स्कॅन करून पाठवायचे, ते सर्व्हरवर येऊन पडायचं, आणि तिथून वाचून आतलं मशीन कवळी कोरून काढायचं. सर्व्हर बंद म्हणजे मशीन बंद, आणि मशीन बंद म्हणजे कितीतरी माणसं पेज पीत बसलेली. या सर्व्हरवर गेली कित्येक वर्षं भावोजींनी बसवलेलं लिनक्स नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर सुखाने नांदत होतं. आता त्या आवृत्तीचं वय झालं होतं. यापुढे तिच्या दुरुस्त्या निघणार नाहीत, असं ती सांभाळणाऱ्या मंडळींनी जाहीर केलं होतं. नवीन काहीतरी निवडणं भाग होतं.

निवड दोनांतून होती. एक पुन्हा फुकटचंच लिनक्स. जगभरातली हौशी माणसं ते सांभाळतात आणि अडलं तर त्यांच्या चर्चामंचावर जाऊन विचारायचं. दुसरं जवळपास त्याच वाणाचं, पण मागे एक कंपनी उभी असलेलं. दरवर्षी तिचे पैसे भरायचे आणि अडलं की तिच्या माणसाने फोन उचलायचा. उचलायचा म्हणजे उचलायचाच, तसं करारात लिहिलेलं. ऑफिसात एकाला 'फुकटवालं' आणि दुसऱ्याला 'विकतवालं' अशी नावं पडली होती.

"दादा, दोन्हींत आत जवळपास तेच आहे," भावोजी म्हणाले. "पैसे पडतात ते फोन उचलण्याचे."

"मग फोन तर तुम्हीही उचलता की!" मालक निरागसपणे म्हणाले.

इथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं. लग्न झाल्यापासून भावोजी तो फोन उचलत आले होते. सिनेमाच्या मध्यात उचलला होता, दंतवैद्याच्या खुर्चीत तोंडात कापूस असताना उचलला होता, आणि चुलतसासऱ्यांच्या शोकसभेत दोन मिनिटांची शांतता चालू असताना, "पासवर्डात शेवटी काय आहे हो?" या प्रश्नाला खालमानेने उत्तरही दिलं होतं. या वर्षी बायकोने समुद्रकाठचं एक छोटं घर आठवडाभरासाठी घेऊन ठेवलं होतं आणि शांतपणे सांगितलं होतं, "ऑफिसचा एक जरी फोन आला ना, तरी तुम्ही खुशाल परत या. मी राहीन तिथेच. किती दिवस ते तेव्हा ठरवीन."

बायको ओरडली असती तर भावोजींना काही वाटलं नसतं. ती शांतपणे बोलली, तेव्हाच त्यांनी ओळखलं की ती खरोखरच राहील. विकतवालं लिनक्स आलं तर समुद्र. फुकटवालं आलं तर काय, ते त्यांना मनातसुद्धा आणवत नव्हतं.

मालक तसे मनाने वाईट नव्हते. फक्त कुठल्याही गोष्टीचे पैसे का द्यायचे हे त्यांना मुळापासून समजून घ्यायचं असे, आणि समजलं तरी पटत नसे. शेवटी त्यांनी तोडगा काढला. "परीक्षा घेऊ. विकतवाल्यांनी महिनाभर त्यांची मदत वापरून बघायला दिलीच आहे, आपल्या जुन्या सर्व्हरसाठीसुद्धा. आता काहीतरी अडू दे, तोच प्रश्न दोघांना विचारू. जो आधी सोडवील तो आपला. आणि भावोजी, तुम्ही मधे तोंड घालायचं नाही. तुम्हाला समुद्रावर जायचंय, तुम्ही काय निःपक्षपाती नाही."

"पण दादा..."

"हे बघा, लगेच घातलंत!"

काहीतरी अडायला फार वाट बघावी लागली नाही. एका सोमवारी सकाळी टेलिफोनवरच्या बाई धावत आल्या. "भावोजी, डॉक्टर लोकांचे फोनवर फोन येतायत. स्कॅन पाठवलं की परत येतंय. जागा नाही म्हणतंय."

भावोजींनी पाहिलं तर जुन्या सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरलेली. कारणही त्यांना दिसलं. चालू असताना काय काय घडलं याच्या नोंदी सर्व्हर स्वतःच लिहीत असतो. एका बिघडलेल्या प्रोग्रामने तीच एक तक्रार लाखो वेळा लिहून डिस्क भरून टाकली होती. नोंदींची ती फाईल रिकामी करायची, प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा, संपलं. चहा गार व्हायच्या आत होणारं काम. त्यांनी कीबोर्डकडे हात नेला आणि मागून आवाज आला.

"हात वर!" मालक दारात उभे होते. चेहऱ्यावर विलक्षण आनंद होता. कारखाना बंद पडल्याचा इतका आनंद झालेला मालक भावोजींनी पहिल्यांदाच पाहिला. "उठा. आज परीक्षा."

मालक स्वतः खुर्चीत बसले. आधी विकतवाल्यांच्या संकेतस्थळावर त्यांनी तक्रार टाकली. तिथे एक प्रश्न होता: तीव्रता किती? गंभीर, मध्यम की किरकोळ?

"गंभीर लिहा," भावोजी पुटपुटले.

"तोंडावर बोट!" मालक म्हणाले. मग विचारात पडले. "गंभीर म्हटलं की जास्तीचं बिल लावत असतील. डॉक्टर लोक नाही का, घरी येऊन तपासलं की वेगळी फी." आणि त्यांनी 'किरकोळ' निवडलं. लगेच नम्र उत्तर आलं: आपली किरकोळ तक्रार मिळाली, आमचा प्रतिनिधी उद्या संपर्क करील.

"उद्या!" मालकांनी मांडीवर थाप मारली. "यांना पैसे द्यायचे म्हणे!"

भावोजींनी कपाळावर हात मारला, पण हळूच.

मग तोच प्रश्न फुकटवाल्यांच्या मराठी चर्चामंचावर गेला. आता एक गोष्ट सांगायला हवी. ती घरात किंवा ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हती. त्या मंचावर 'निवांत' या नावाने एक गृहस्थ वर्षानुवर्षं लोकांच्या अडचणी सोडवत असत. कुणाचा प्रिंटर रुसलेला, कुणाचं नेटवर्क हरवलेलं. निवांत न चिडता, न कंटाळता समजावून सांगायचे. लोक त्यांना 'निवांतराव' म्हणत आणि त्यांच्या उत्तराखाली हात जोडलेली चित्रं टाकत. हे निवांतराव म्हणजे आपले भावोजी. आयुष्यात जे कधी मिळालं नाही तेच नाव त्यांनी घेतलं होतं. प्रश्न दिसला की उत्तर दिल्याशिवाय त्यांना राहवतच नसे.

आज मात्र राहवायला हवं होतं. एक दुपार निवांतराव गप्प बसले की मंचावर सामसूम. मालकांना कंटाळा येणार, विकतवाले उद्या येऊन काम करून जाणार, आणि समुद्र पक्का. भावोजींनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांवर बसून राहिले.

पण मंचावर रिकामी माणसं काही एकच नसतात. थोड्याच वेळात 'तुफान' नावाच्या कुणीतरी उत्तर टाकलं: "सोप्पं आहे. सगळ्यात जास्त जागा खाणारं फोल्डर शोधा आणि उडवा. कमांड खाली देतोय, डोळे मिटून चालवा."

"वा! बघा, किती सुटसुटीत!" मालक खुलले. त्यांनी शोधलं. सगळ्यात मोठं फोल्डर होतं 'जबडे'.

भावोजी ताडकन उठले. "दादा, थांबा! ते उडवू नका. त्यात सगळे स्कॅन आहेत!"

"भावोजी," मालक दुखावलेल्या सुरात म्हणाले, "समुद्र मलाही आवडतो. पण म्हणून इतकं? तो बिचारा ओळख ना पाळख, काहीएक अपेक्षा न ठेवता मदत करतोय, आणि तुम्ही घरचे असून खोडा घालताय."

"अहो, नावच जबडे आहे त्याचं! कशाचे जबडे असतील?"

"तुमचं काहीही ऐकायचं नाही असं ठरलंय."

"बॅकअप काल संध्याकाळचा आहे. डिस्क भरायच्या आधी आलेली आज सकाळची सगळी मापं जातील."

"पुन्हा बोललात!" मालक एका बोटाने कमांड टाईप करू लागले. ते एकेक अक्षर शोधून, चष्म्यावरून बघून, जिभेचं टोक बाहेर काढून टाईप करत. एवढाच काय तो आधार होता.

भावोजी बाहेर धावले आणि प्लास्टरच्या खोलीत शिरले. तिथे रांगेने ठेवलेले पांढरे जबडे त्यांच्याकडे पाहून हसत होते. सकाळपासून किती म्हाताऱ्या माणसांनी आ वासून माप दिलं असेल, आणि उद्या त्यांना पुन्हा आ वासायला सांगायचं! आणि हे सगळं आपण एका समुद्रापायी मुकाट बघायचं? भावोजींनी क्षणभर डोळे मिटले. डोळ्यांपुढे लाटा आल्या, लाटांपुढे बायको आली, आणि तिच्याही पुढे कुणा अनोळखी आजीचं बोळकं आलं. त्यांनी प्लास्टरने भरलेल्या बोटांनी मोबाईल उघडला आणि लिहिलं:

"थांबा! तुफान यांची कमांड अजिबात चालवू नका, सगळी माहिती पुसली जाईल. आधी नोंदींची फाईल तपासा. पुढच्या पायऱ्या देतो. – निवांत."

ते धापा टाकत परत आले तेव्हा मालकांचं बोट शेवटच्या बटणावर अधांतरी थांबलं होतं. "अरे बापरे," ते हळूच म्हणाले. "कुणी निवांत म्हणून आहेत. ते म्हणतायत सगळं पुसलं जाईल."

"मी काय वेगळं सांगत होतो?" भावोजी म्हणाले.

"तुमची गोष्ट वेगळी. या माणसाला काय पडलंय खोटं बोलायचं?"

भावोजी दरवाज्याआड उभं राहून खिशातल्या खिशात पायऱ्या पाठवत राहिले आणि मालक आत मोठ्याने वाचत, वाहवा करत त्या चालवत राहिले. "काय माणूस आहे! 'घाई करू नका, मी आहे' म्हणतोय. भावोजी, असं बोलायला शिका जरा." डिस्क मोकळी झाली. टेलिफोनवरच्या बाईंनी बाहेरून टाळ्या वाजवल्या. मशीन घरघरलं आणि पहिली कवळी कोरू लागलं.

"ठरलं," मालक म्हणाले. "फुकटवालं. असा देवमाणूस पाठीशी असताना पैसे कशाला घालवायचे?"

सकाळचे जबडे वाचले याचा भावोजींना मनापासून आनंद झाला होता, पण तो आनंद गिळायला जड गेला. ते आपल्या काचेच्या खोलीत जाऊन बसले आणि बायकोला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवू लागले. एकही वाक्य शेवटापर्यंत जाईना.

तेवढ्यात मोबाईल वाजला. निवांतरावांना खाजगी निरोप आला होता. काचेपलीकडे मालक एका बोटाने टाईप करत होते आणि अलीकडे भावोजी वाचत होते.

"आदरणीय निवांतराव, आपले उपकार फार झाले. एक सल्ला हवा. सर्व्हरला फुकटचं लिनक्स घ्यावं की कंपनीचं विकतचं? आमच्याकडे एक भावोजी आहेत. माणूस सज्जन आहे, पण घरचा. ते विकतचं घ्या म्हणतात. घरच्या माणसाचं किती ऐकावं कळत नाही. आपण सांगाल ते करीन."

भावोजी तो निरोप बराच वेळ पाहत राहिले. इतकी वर्षं रविवारच्या जेवणात समोर बसून जे सांगितलं ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं गेलं, आणि आज मालक त्यांच्याच पायाशी बसून विचारत होते. मनात आलं, लिहावं, 'विकतचं घ्या आणि भावोजींना महिनाभर सुट्टी द्या.' पण निवांतरावांची म्हणून एक अब्रू होती. त्यांनी आजवर मंचावर कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. त्यामुळे भावोजींनी जे खरं होतं तेच लिहिलं:

"फुकटचं उत्तमच आहे. मी जन्मभर तेच वापरलंय. तुमच्याकडे शिकलेली दोन-तीन माणसं असती आणि आळीपाळीने लक्ष देऊ शकली असती, तर तेच घ्या म्हटलं असतं. पण माझ्या भरवशावर घेऊ नका. आज मी सापडलो, उद्या नसेन. मला कुणी बांधलेलं नाही. तुमच्या सर्व्हरवर लोकांची तोंडं अवलंबून आहेत, तेव्हा उत्तर द्यायला जो बांधलेला आहे असा माणूस हवा. आणि त्याच्याकडे तक्रार करताना 'गंभीर' लिहायला लाजू नका."

याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. पुसली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. शेवटी मान वळवून, जणू दुसराच कुणीतरी लिहितोय अशा थाटात, ती ठेवून दिली: "तुमचे भावोजी शहाणे दिसतात."

काचेपलीकडे मालकांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग उठून भावोजींच्या खोलीत आले आणि अवघडून उभे राहिले.

"भावोजी, विकतवालं घेऊ या."

"असं का म्हणता, दादा?" भावोजींनी विचारलं. हा अभिनय त्यांना चांगला जमला.

"निवांतराव म्हणतात. आणि..." मालकांना पुढचं वाक्य जड जात होतं. "तुम्ही शहाणे आहात म्हणतात. माणूस न बघता ओळखतात हो. आम्ही इतकी वर्षं रोज बघतोय, आमच्या लक्षातच आलं नाही."

मग सगळं भराभर झालं. करार झाला, नवा सर्व्हर उभा राहिला, सगळे जबडे सुखरूप तिकडे राहायला गेले. मालकांनी बहिणीला शब्द दिला, "एक फोन करणार नाही. भूकंप झाला तरी नाही."

समुद्र होता तसाच होता. भावोजी मात्र पहिल्या दिवशी सारखे मोबाईल चाचपत होते. दुसऱ्या दिवशी जरा कमी. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना एकदम उदास वाटू लागलं. ऑफिसात म्हणे काहीतरी अडलं होतं आणि कंपनीच्या मुलीने ते फोनवर बोलता बोलता सोडवलं होतं. टेलिफोनवरच्या बाईंनी कौतुकाने बायकोला कळवलं होतं. आपल्यावाचून काही अडत नाही हे ऐकायला माणूस इतका जिवाचा आटापिटा करतो, आणि ऐकल्यावर त्याला घास गोड लागत नाही.

"बघा," बायको वाळूत पाय पसरत म्हणाली, "दादाने शब्द पाळला की नाही? मला वाटलं नव्हतं हं. किती वर्षांनी असे बसलोय आपण." तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. भावोजींना भरून आलं. खरंच, किती वर्षांनी.

नेमका तेव्हा मोबाईल हलकेच थरथरला. फोन नव्हता, निवांतरावांना निरोप होता.

"आदरणीय निवांतराव, सर्व्हर झकास चालला आहे. कंपनीची माणसं फार तत्पर. आमचे भावोजी आठवडाभर सुट्टीवर गेले आहेत. सगळं सुरळीत आहे, तरी ऑफिसात काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतं. चहा एकट्याने पिववत नाही. हे त्यांना तोंडावर कधी बोललो नाही, आता कसं बोलणार? आमच्यात तशी पद्धत नाही. यावर काही उपाय असेल तर कळवावे."

भावोजींनी निरोप दोनदा वाचला. समुद्राकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. उत्तर द्यायलाच हवं असं काही नव्हतं. उद्या दिलं असतं, परवा दिलं असतं, आठवडा संपल्यावर दिलं असतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. पण समोर प्रश्न होता, प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर त्यांना येत होतं.

"सोपं आहे," त्यांनी लिहिलं. "जे मला लिहिलंत तेच त्यांना बोला. वेळ घालवू नका."

"काय टाईप करताय?" बायकोने डोकं न उचलता विचारलं.

"काही नाही, एकाला जरा उत्तर देत होतो. ऑफिसचं नाही."

"द्या इकडे तो. तुमचा एक छानसा फोटो काढते. कसे हसताय आज!"

तिने मोबाईल घेतला, चार पावलं मागे गेली, एक डोळा मिटून नेम धरला, आणि तिच्या हातातच तो खणखणीत वाजला. तिने पडद्यावर पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. तिने फोन कानाला लावला.

"दादा! तू शब्द दिला होतास मला!"

पलीकडचा आवाज इतका ओशाळलेला आणि इतका मोठा होता, की लाटांच्या आवाजातही भावोजींना शब्द न् शब्द ऐकू आला. "अगं, मी नव्हतोच करणार! शपथ! निवांतरावांनीच सांगितलं, वेळ घालवू नका, आत्ता बोला म्हणून!"

बायकोने फोन खाली घेतला आणि नवऱ्याकडे वळली.

"अहो, कोण हा मेला निवांतराव? दुसऱ्याच्या सुट्टीत लुडबुड करायचं काय कारण याला?"

"असतात एकेक रिकामटेकडे," भावोजी म्हणाले, आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरले.